उजेड किती आत येतो

लिफ्टमध्ये मजल्यांची बटणं होती, पण सहाव्या मजल्याचं बटण नुसतं दाबून काही होत नव्हतं. त्याच्या शेजारच्या भोकात ब्रोकरनं किल्ली घालून फिरवली, तेव्हा कुठे लिफ्ट हलली. दार उघडलं ते थेट घरातच. मध्ये ना जिन्याचा चौक, ना बोळ, ना दारावरची पाटी. समोर एकदम पंचवीस फूट रुंद आणि ऐंशी फूट लांब अशी एकसंध जागा. मधोमध बिडाच्या खांबांची रांग आणि पश्चिमेच्या टोकाला गुडघ्यापासून निघून जवळजवळ छताला भिडलेल्या चार खिडक्या.

मी घरं मोजते. न्यूयॉर्कमध्ये घर विकायला काढलं की जाहिरातीत फोटोंबरोबर बहुतेक वेळा घराचा नकाशाही देतात. लेझरचं मोजयंत्र, वही आणि पेन्सिल घेऊन मी जाते, भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेते आणि संध्याकाळी घरी बसून नकाशा काढते. बारा वर्षांत शेकडो घरं मोजली. बहुतेक घरं दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. हे घर मात्र आठवत राहिलं, म्हणून लिहायला बसले आहे.

घर सोहोमधलं. 'साउथ ऑफ हाउस्टन', म्हणजे हाउस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेचा, म्हणून सोहो. कॅनॉल स्ट्रीटपर्यंत पसरलेला हा भाग १९७३ साली ऐतिहासिक म्हणून जाहीर झाला आणि तेव्हापासून इथल्या दर्शनी भागाला हात लावायचा तर शहराच्या वास्तुजतन आयोगाची परवानगी लागते. मी मोजत होते ती इमारत १८७० च्या दशकातली. विकायला होता तो तिचा सर्वांत वरचा जुना मजला आणि त्याच्या डोक्यावर गच्चीत नव्यानं बांधलेली काचेची खोली. दोन्ही मिळून 'पेंटहाऊस लॉफ्ट'. किंमत आठ आकडी, डॉलरांत. ब्रोकरनं जाहिरातीचा मसुदा माझ्या हातात दिला होता. त्यात पहिल्याच ओळीत होतं: तेरा फूट उंचीचं छत, मूळ बिडाचे खांब, दिवसभर उजेड.

मापं घ्यायला लागले तेव्हा ही ओळ माझ्या डोक्यात होती. लेझर जमिनीवर ठेवला, वर तोंड केलं. तेरा फूट, एक इंच. ओळ खरी होती.

लॉफ्ट म्हटलं की माझ्या मनात अजूनही आधी न्हाणीघरावरचा पोटमाळाच येतो, गाद्या, पितळी भांडी आणि जुनी पुस्तकं कोंबलेला. इंग्रजीत हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ हवा, आकाश, वरची खोली असा होता. जर्मनमधला हवेचा शब्द 'लुफ्ट' त्याचाच भाऊ. न्यूयॉर्कमध्ये मात्र लॉफ्ट म्हणजे भिंती न घातलेला, मालासाठी किंवा कामासाठी भाड्यानं द्यायचा अख्खा मजला. त्या मजल्यावर राहायचं असं कुणाच्या मनातही नव्हतं.

सोहोचे रस्ते ज्यांसाठी नावाजले आहेत ते दर्शनी भाग दिसतात दगडाचे, पण असतात ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे. खांब, कमानी, खिडक्यांच्या चौकटी, खांबांच्या माथ्यावरची पानं, सगळं साच्यात ओतून, गाडीवर घालून आणायचं आणि जागेवर बोल्टांनी जोडायचं. बिडाला भार पेलता येतो, म्हणून खांब बारीक ठेवता येत आणि खांबांमधली जागा खिडकीला देता येई. १९७० मध्ये मार्गो गेल या बाईंनी या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. त्या लोकांना लहानसे लोहचुंबक वाटत असत. भिंतीला लावून बघा, म्हणत. चिकटला तर बीड. माझ्या पिशवीतही एक असतो. त्या दिवशी मी तो खिडक्यांमधल्या खांबाला लावला आणि तो टक्कन चिकटला, तेव्हा मला पहिल्यांदा जसा झाला होता तसाच आनंद झाला.

खिडक्या एवढ्या मोठ्या कशासाठी? कामासाठी. या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा विजेचा दिवा नव्हता. गॅसचा होता, पण तो खर्चाचा, आणि कापडाच्या ढिगांमध्ये धोक्याचा. कापडावरचा डाग, रंगातला फरक, सुईचं भोक दिसायला दिवसाचाच उजेड हवा. माझी आई शिवणकाम करायची. तिचं मशीन वर्षभर एका जागी कधीच नसायचं. उन्हाळ्यात एका खिडकीशी, थंडीत दुसऱ्या. काळ्या कापडाचं काम ती सकाळीच उरकायची. "उजेडाला पैसे पडत नाहीत, तोवर काम करून घ्यावं," असं म्हणायची. तिचे डोळे पन्नाशीच्या आतच थकले होते.

आणि उंची? आजच्या जाहिरातीत तेरा फूट उंची म्हणजे ऐसपैसपणा, मोकळा श्वास. मीही वर बघून क्षणभर हरखलेच. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्याच्या कारखाना कायद्यात एक नियम होता: दिवसपाळीला दर कामगारामागे किमान २५० घनफूट हवा असली पाहिजे. घनफूट, चौरस फूट नाही. म्हणजे छत जितकं उंच, तितकी तेवढ्याच जमिनीवर माणसं जास्त बसवता येत. कपड्यांच्या कारखानदारांना उंच मजले आवडायचे ते यामुळेही. वरची हवा माणसांच्या हिशेबात धरली जायची, मग खाली कोपराला कोपर लागला तरी कायदा पाळलेलाच.

त्या संध्याकाळी नकाशा काढताना मी हिशेब करून पाहिला. पंचवीस गुणिले ऐंशी गुणिले तेरा, म्हणजे २६,००० घनफूट. भागिले २५०, म्हणजे १०४ माणसं. छत दहा फुटांवर असतं तर ८०. वरच्या तीन फुटांनी चोवीस माणसं आणखी आत घेतली असती. माझ्या नकाशात त्या जागी 'दिवाणखाना' असं लिहायचं होतं. लिहिलंही. पण एकशे चार हा आकडा पेन्सिलनं कडेला लिहिला आणि पुसावासा वाटला नाही.

वरचा मजला महाग कधीपासून झाला, हेही फार जुनं नाही. प्राचीन रोममध्ये भाड्याच्या उंच इमारतींत सर्वांत गरीब माणूस सर्वांत वर राहायचा, कौलांखाली. आग लागली तर त्याला सुटायला वाट नसे. पॅरिसमध्ये उतरत्या छपराखालच्या खोल्या मोलकरणींच्या. पायऱ्या चढणं ज्याला टाळता येतं तो खाली, आणि ज्याला भाडं परवडत नाही तो वर. हे उलटं व्हायला लिफ्ट यावी लागली, आणि माणसांची ने-आण करणारी पहिली व्यापारी लिफ्ट बसली ती याच भागात. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या हॉवाउट इमारतीत, १८५७ मध्ये, एलिशा ओटिसनं ती बसवली. इमारत पाच मजल्यांची, काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान. वाफेवर चालणारी लिफ्ट पाहायला माणसं येत. ती इमारत आजही उभी आहे. तिच्यासमोरून जाताना दरवेळी मनात येतं की खाली राहणारा आणि वर राहणारा यांची अदलाबदल या एका पेटीनं केली.

पण लिफ्टनं आधी नेली ती घरं नव्हेत, काम. उंच मजल्यांवर भाडं कमी, उजेड जास्त, म्हणून कपड्यांचे कारखाने वर गेले. ग्रीन स्ट्रीटवरून उत्तरेला चालत निघालं, हाउस्टन ओलांडलं, की दहा-बारा मिनिटांत वॉशिंग्टन प्लेसचा कोपरा येतो. तिथे दहा मजली अ‍ॅश इमारत. तिच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर ट्रायँगल शर्टवेस्ट हा बायकांचे ब्लाऊज शिवणारा कारखाना होता. २५ मार्च १९११, शनिवार, काम सुटायच्या सुमाराला आठव्या मजल्यावर कापडाच्या कपट्यांना आग लागली. १४६ माणसं गेली. बहुतेक तरुण मुली, इटलीतून आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. लिफ्ट चालवणारे जमेल तोवर पुन्हा पुन्हा वर गेले आणि कितीतरी जणींना खाली घेऊन आले. आणि इमारत? इमारत अग्निरोधक होती. तिला फारसं काही झालं नाही. आज तिथे विद्यापीठाचे वर्ग भरतात.

या आगीनंतर न्यूयॉर्कचे कारखान्यांचे कायदे बदलले: बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं, पाणी फवारणारे नळ, आगीच्या कवायती. दरवर्षी २५ मार्चला स्वयंसेवक शहरभर फिरून, त्या मुली जिथे राहत होत्या त्या घरांसमोरच्या पदपथावर खडूनं त्यांचं नाव आणि वय लिहितात. २००४ पासून हे चाललं आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव वाचून पुढे निघाले होते. मग वय वाचलं. सतरा. खडूची अक्षरं पायाखाली येऊ नयेत म्हणून माझ्या पुढचा माणूस रस्त्यावर उतरून गेला, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मी मोजत असलेल्या मजल्यावर असं काही घडल्याची कुठे नोंद नाही, आणि मी ते सुचवतही नाही. पण जमीन मूळची होती, रुंद फळ्यांची, आणि खिडक्यांजवळच्या भागात ठरावीक अंतरानं बुजवलेली भोकं दिसत होती. यंत्रं किंवा लांब बाकं जमिनीला बोल्टांनी आवळून बसवली, तर अशीच भोकं राहतात. नव्या पॉलिशखाली ती गडद टिकल्यांसारखी दिसत होती. ब्रोकर म्हणाली, "याला फार मागणी आहे. लोकांना जुनेपणाची खूण आवडते." ती मनापासून म्हणत होती, आणि तिचं खरंच होतं. मला इतकंच वाटलं की खूण कशाची, हे त्या लोकांना कुणी सांगितलं तर त्यांना ती आणखी आवडेल.

कारखाने दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू गेले. रद्दी आणि चिंध्यांनी भरलेल्या मजल्यांना वारंवार आगी लागायच्या, म्हणून अग्निशमन दलाचे जवान या भागाला 'नरकाचे शंभर एकर' म्हणायचे. ब्रूम स्ट्रीटवरून मॅनहॅटनच्या आरपार महामार्ग न्यायचा बेत होता. शहरात महामार्ग आणि पूल उभारणाऱ्या रॉबर्ट मोझेसचा तो प्रकल्प १९६९ मध्ये कायमचा बारगळला, नाहीतर आज ही लोखंडी पानं भंगारात असती. १९६३ मध्ये चेस्टर रॅपकिन या नियोजनतज्ज्ञानं शहरासाठी या भागाची पाहणी केली होती. हा भाग पाडू नका, असं त्यानं सांगितलं. कारण काय? तर तिथे छोटे उद्योग अजून चालू आहेत आणि हजारो लोकांना, विशेषतः ज्यांना दुसरीकडे सहज काम मिळत नाही अशांना, तिथे रोजगार आहे. इमारती पुढे वाचल्या. ते रोजगार वाचले नाहीत.

रिकाम्या मजल्यांवर चित्रकार आणि शिल्पकार आले. त्यांना हव्या होत्या त्याच दोन गोष्टी, उजेड आणि उंची. राहणं बेकायदेशीर होतं. रात्री खिडकीतून दिवा दिसू नये म्हणून पडदे लावायचे, तपासनीस आला तर अंथरूण गुंडाळून ठेवायचं. कित्येक मजल्यांवर उबेचीसुद्धा सोय नसे. जॉर्ज मचूनस या कलाकारानं १९६७ मध्ये ८० वूस्टर स्ट्रीटची इमारत कलाकारांच्या सहकारी मालकीची करून दिली. डोनाल्ड जड या शिल्पकारानं १९६८ मध्ये १०१ स्प्रिंग स्ट्रीटची पाच मजली इमारत ६८,००० डॉलरला घेतली. अख्खी इमारत! तिथे आता त्याच्या नावाची संस्था आहे आणि ठरवून गेलं तर आत जाऊन पाहता येते. जडनं मजल्यांत भिंती घातल्या नाहीत. एका मजल्यावर झोपायचं, एकावर जेवायचं, एकावर काम करायचं. मी तिथे गेले होते तेव्हा मापं घेण्याची सवय असूनही काही मोजावंसं वाटलं नाही.

१९७१ मध्ये शहरानं नियम बदलला: शहराकडून दाखला मिळालेल्या कलाकाराला इथे राहता येईल. त्याआधीपासूनच दाराशी 'ए.आय.आर.' अशी पाटी लावायची पद्धत होती, म्हणजे 'इथे कलाकार राहतो', आणि पुढे मजल्याचा आकडा. ती पाटी पाहुण्यांसाठी नव्हती, बंबवाल्यांसाठी होती. आग लागली तर वर माणूस आहे हे त्यांना कळावं म्हणून. जुन्या दारांवर ती अजून क्वचित दिसते. पुढे श्रीमंतांनी मजले घेतले, दाखल्याचा नियम कागदावर राहिला आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये नगरपरिषदेनं या भागाचे वापराचे नियमच नव्यानं ठरवले. या घराच्या कागदपत्रांतही कलाकाराच्या दाखल्याबद्दल एक परिच्छेद होता. ब्रोकरनं त्याच्यावर पिवळी चिठ्ठी लावली होती: वकिलाला विचारणे.

काचेच्या खोलीबद्दल थोडक्यात. ती रस्त्यावरून जवळजवळ दिसत नाही, आणि तसंच अपेक्षित आहे. अशी खोली बांधायची असेल तर आधी गच्चीवर लाकडी पट्ट्यांचा आणि जाळीचा सांगाडा उभा करावा लागतो. मग आयोगाची माणसं खालच्या रस्त्यांवरून फिरून बघतात की कुठून किती दिसतो. म्हणून ती दर्शनी कठड्यापासून बरीच मागे सरकवलेली होती. खोली सुंदर आहे, यात वाद नाही. पण मी तिथे दहा मिनिटांत मापं संपवली आणि गच्चीवर जाऊन शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघत उभी राहिले. शहराच्या नळाचा दाब साधारण सहा मजल्यांपर्यंतच पुरतो, म्हणून उंच इमारतींवर या टाक्या. अजूनही लाकडाच्याच. फळ्यांना ना खिळा, ना सरस, बाहेरून फक्त लोखंडी पट्टे. पाणी भरलं की पहिले काही तास ती गळते, मग लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. तीसेक वर्षांनी फळ्या बदलतात. या सगळ्या परिसरात जे ज्यासाठी बनवलं त्याच कामाला आजही लागलेलं मला दिसलं, ते ही टाकी.

नाही, आणखी एक आहे. निघाले तेव्हा पदपथावर पायाखाली लोखंडी चौकटीत बसवलेली जाड काचेची गोल भिंगं लागली. थॅडियस हायट यानं १८४५ मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. पदपथाखालच्या तळघरात दिवसाचा उजेड उतरावा म्हणून ती बसवली. काचेतल्या मँगनीजवर वर्षानुवर्षं ऊन पडून कित्येक भिंगं जांभळी झाली आहेत. तळघरातही माणसं काम करत होती, त्यांच्यापर्यंत जेवढा पोचेल तेवढा पोचवायचा.

त्या दिवशी घरी जायच्या आधी मी १४१ वूस्टर स्ट्रीटला गेले. थकले की जाते. तळमजल्यावरची घंटा दाबायची, एक जिना चढायचा. वर गेलं की मातीचा वास येतो, पाऊस नुकताच पडून गेल्यासारखा ओला. तो अख्खा लॉफ्ट मातीनं भरलेला आहे. ३,६०० चौरस फूट जमिनीवर २२ इंच जाडीची काळी माती, १९७७ मध्ये वॉल्टर डी मारिया या कलाकारानं कलाकृती म्हणून अंथरलेली, आणि तेव्हापासून तशीच राखलेली. तिकीट नाही. फोटो काढायची परवानगी नाही. आत पाऊल टाकता येत नाही. कमरेपेक्षा खालच्या काचेच्या पट्टीशी उभं राहून फक्त बघायचं. मातीला पाणी देतात, दाताळ्यानं सारखी करतात, कधी कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या तर उपटतात. आजूबाजूचे मजले किती वेळा विकले गेले असतील! हा मजला मात्र माती धरून बसला आहे. मला तिथे उभं राहिलं की कामाच्या जागेचा मान कसा ठेवावा हे दिसतं. कुणी त्या जागेला काही बनवायला लावत नाही, आणि तरीही रोज कुणीतरी तिची देखभाल करतं.

आठवड्याभरानं ब्रोकरचा निरोप आला. एका भिंतीचं माप जुन्या कागदांशी जुळत नव्हतं, पुन्हा येऊन बघशील का? मार्चचा शेवटचा आठवडा होता, कामं उरकून पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. घरात कुणी नव्हतं. किल्लीनं लिफ्ट उघडली आणि पाहिलं तर पश्चिमेकडून ऊन आत शिरलं होतं. तिरपं, जमिनीवरून सरळ आत पसरत गेलेलं, पहिल्या खांबाच्या पुढे, बुजवलेल्या भोकांवरून. ऊन संपत होतं तिथे मी वाकून पेन्सिल ठेवली आणि खिडकीच्या भिंतीकडे लेझर मारला. सव्वीस फूट. घड्याळात सव्वापाच.

भिंतीचं माप माझंच बरोबर निघालं. नकाशा दुरुस्त करायची गरज नव्हती, तरी मी त्यात एक तुटक रेघ घातली, पश्चिमेच्या भिंतीपासून सव्वीस फुटांवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रोकरचा फोन आला. नकाशा छान झालाय, फक्त ही मधली तुटक रेघ कसली?

मी म्हटलं, "इथपर्यंत मशीन लावता येतात."